‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ : एका लोकप्रिय विधानाची पुराव्यांच्या आधारे चिकित्सा

प्रस्तावना

अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांविषयी सार्वजनिक बोलण्यात दोन विधाने वारंवार केली जातात. ‘वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड’ हे पहिले विधान आणि ‘वऱ्हाड म्हणजे शेतकरी आत्महत्यांचा प्रदेश’ हे दुसरे. निवडणुकीच्या सभा, वर्तमानपत्रांतील अग्रलेख, विधिमंडळातील भाषणे आणि महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा या सर्व ठिकाणी ही दोन्ही विधाने एकाच दमात उच्चारली जातात. पहिले भूतकाळाविषयीचे आहे, दुसरे वर्तमानाविषयीचे. या दोहोंच्या मध्ये ‘हे वैभव कोणीतरी लुटले’ असे तिसरे विधान गृहीत धरलेले असते. लुटणारा कोण, याचे उत्तर मात्र वक्त्याच्या भूमिकेनुसार बदलते. कधी तो निजाम असतो, कधी इंग्रज, कधी जुना मध्य प्रांत, कधी पश्चिम महाराष्ट्र, तर कधी सावकार किंवा बियाणे कंपन्या.

प्रस्तुत निबंधात या विधानांमागे कोणता पुरावा उभा आहे याचा शोध घेण्यात आला आहे. ही विधाने खरी की खोटी असा एका शब्दाचा निवाडा देणे हा येथील हेतू नाही. प्रत्येक विधानातील कोणता भाग कोणत्या साधनावर आधारलेला आहे, ते साधन कोणी, कशासाठी तयार केले आणि त्यातून किती अनुमान काढता येते, हे पाहणे हा हेतू आहे. वऱ्हाड या नावाने येथे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम हा प्रदेश अभिप्रेत आहे. विवेचनाचा भर अमरावती व अकोल्यावर आहे.

साधने आणि कसोट्या

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाची प्रमुख साधने चार प्रकारची आहेत : मोगल काळातील महसुली नोंदी, ब्रिटिश प्रशासनाचे गॅझेटिअर, जनगणना व दुष्काळविषयक अहवाल, स्वातंत्र्योत्तर काळातील समित्यांचे अहवाल आणि अलीकडील आत्महत्यांच्या शासकीय नोंदी. या सर्व साधनांना पुढील चार प्रश्न समान रीतीने विचारता येतात. मोजणी कोणी केली? ती कोणत्या हेतूने केली? मोजणीचे एकक काय होते? आणि त्या मोजणीतून कोण वगळले गेले? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कमी वेळा विचारला जातो. वऱ्हाडच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

म्हण हीदेखील इतिहासाचे साधन आहे. परंतु ती कशाचा पुरावा आहे हे नीट ठरवावे लागते. एखादा प्रदेश श्रीमंत होता याचा ती प्रत्यक्ष पुरावा नसते. तो प्रदेश श्रीमंत आहे अशी समजूत प्रचलित होती, एवढेच म्हणीवरून सिद्ध होते. ही समजूत शेत कसणाऱ्याची होती, कामाच्या शोधात बाहेरून आलेल्या मजुराची होती की महसूल गोळा करणाऱ्याची, हे म्हण सांगत नाही.

मोगल काळातील आकडे

वऱ्हाडच्या जुन्या वैभवाचा दाखला म्हणून ‘आईन-ए-अकबरी’चा उल्लेख बहुधा होतो. १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले, आणि अबुल फजलने आपल्या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याची १६ सरकारे व १४२ परगणे नोंदविले. त्याने दिलेला सुभ्याचा महसूल सुमारे ६४ कोटी दाम आहे. एका रुपयाचे ४० दाम या हिशेबाने ही रक्कम सुमारे १ कोटी ६० लाख रुपये होते. त्या काळाच्या मानाने ही रक्कम मोठी आहे यात शंका नाही.

तथापि, या आकड्याचा उपयोग करताना तीन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली बाब अशी की हा ‘जमा’, म्हणजे आकारणीचा आकडा आहे. प्रत्यक्ष वसुलीचा नव्हे. नव्याने जिंकलेल्या प्रदेशाची आकारणी बहुतांशी आधीच्या राजवटीच्या दप्तरावरून आणि राज्यकर्त्याच्या अपेक्षेवरून होत असे. दुसरी बाब भूगोलाची. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात नरनाळा व गाविलगड यांच्याबरोबरच आजच्या बैतूलकडील खेरला, नांदेडकडील माहूर आणि परभणीकडील पाथरी हे प्रदेशही समाविष्ट होते. त्यामुळे सुभ्याचा आकडा आजच्या अमरावती विभागाला जसाच्या तसा लागू करणे चुकीचे ठरते. तिसरी बाब सर्वांत मूलभूत आहे. महसुलाचा आकडा म्हणजे रयतेकडून घ्यावयाच्या रकमेचा आकडा. तो जितका मोठा, तितके रयतेजवळ उरणारे अधिक असा अर्थ त्यातून निघत नाही. प्रसंगी उलटही निघू शकतो. सुभा दरबारासाठी सोन्याचा होता, एवढे ‘आईन’वरून निश्चित म्हणता येते.

‘निजामाने वऱ्हाड विकले’ : कराराचा पुरावा

वऱ्हाडच्या राजकीय स्मृतीत ‘निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांना विकले’ हे विधान रूढ आहे. मूळ कागदपत्रे वेगळे सांगतात. लॉर्ड डलहौसीच्या काळात, २१ मे १८५३ च्या तहाने, निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशीव हे प्रदेश कंपनी सरकारकडे लावून दिले. सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले आणि खर्च वजा जाता उरणारी रक्कम त्याला द्यावयाची होती. म्हणूनच इंग्रजी दप्तरात या प्रदेशाचे नाव दीर्घकाळ ‘हैदराबादचे लावून दिलेले जिल्हे’ असेच राहिले. १८५७ च्या उठावानंतर १८६० मध्ये नवा तह झाला. रायचूर दोआब व धाराशीव निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.

येथे विक्री झाली नव्हती हे स्पष्ट आहे. परंतु एवढ्यावर थांबल्यास लोकस्मृतीत दडलेला एक महत्त्वाचा धागा सुटतो. १८६० च्या तहानुसार इंग्रज सरकारवर वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशेब निजामाला सादर करण्याचे बंधन उरले नाही. प्रदेशाचे उत्पन्न किती, प्रशासनावर खर्च किती आणि शिल्लक किती, हे ठरविणारा व मोजणारा एकच पक्ष होता. सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळविण्यासाठी केलेले प्रयत्न निष्फळ ठरले. पुढे ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेण्यात आले, आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला. वाढत्या उत्पन्नाच्या प्रदेशाचे भाडे अशा रीतीने कायमचे गोठले. ‘विकले’ हा शब्द कायद्याच्या दृष्टीने चुकीचा असला, तरी ‘हिशेब न देता घेतले’ ही तक्रार तहाच्या मजकुरावर उभी आहे.

मात्र या वादातील दोन्ही पक्षकार, म्हणजे हैदराबाद दरबार आणि इंग्रज सरकार, वऱ्हाडच्या शिलकेवर हक्क सांगत होते. ज्या कास्तकाराच्या साऱ्यातून ती शिल्लक निर्माण होत होती, तो या संपूर्ण पत्रव्यवहारात पक्षकार म्हणून कोठेही दिसत नाही.

कापसाची तेजी आणि चांदीच्या धावा

‘सोन्याची कुऱ्हाड’ या प्रतिमेला खरा भक्कम आधार मिळतो तो एकोणिसाव्या शतकातील कापसामुळे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव अनेक पटींनी वाढले. लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कापसाच्या प्रतीला ते नाव अमरावतीवरून मिळाले होते, ही एकच गोष्ट या व्यापाराची व्याप्ती सांगण्यास पुरेशी आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला व बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले ते तेथील रेल्वे फाट्याच्या उद्घाटनासाठी. त्याच वर्षी आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले.

या कालक्रमातच एक प्रचलित समजूत तपासता येते. रेल्वेमुळे कापसाची तेजी आली असे अनेकदा लिहिले जाते. प्रत्यक्षात रेल्वेचा मार्ग नागपूरपर्यंत पूर्ण झाला तेव्हा युद्ध संपून दोन वर्षे होत आली होती, मुंबईतील शेअरबाजाराचा फुगा १८६५ मध्येच फुटला होता आणि भाव खाली आले होते. भावांच्या शिखराच्या काळातील कापसाचा मोठा भाग जुन्या बैलगाडी मार्गांवर अवलंबून होता. रेल्वेने तेजी निर्माण केली नाही. तेजी ओसरल्यानंतरही वऱ्हाडला कापसाशी आणि परदेशी बाजाराशी कायमचे जोडून ठेवले. हा परिणाम अधिक दूरगामी होता.

तेजीच्या काळातील लेखनात शेतकऱ्यांनी नांगराला चांदीचे फाळ आणि गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या कथा येतात. वऱ्हाडच्या समृद्धीचा पुरावा म्हणून आजही त्या सांगितल्या जातात. अशा कथा पूर्णतः काल्पनिक मानण्याचे कारण नाही. परंतु त्यांची नोंद झाली तीच मुळी त्या दुर्मीळ होत्या म्हणून. एका गावात एका पाटलाच्या गाडीला चांदीची धाव लागली, तर ती पाहणारा इंग्रज अधिकारी तिची नोंद करतो. उरलेल्या शंभर गाड्यांच्या लोखंडी धावांची नोंद कोणी करीत नाही. शिवाय अशा कथांचा सांगणाऱ्याला उपयोगही होता. कापसाचे पीक वाढावे यासाठी झटणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि साऱ्याची फेरआकारणी करू पाहणाऱ्या सरकारला शेतकरी सधन झाल्याचे चित्र सोयीचे होते.

भावातील वाढीचा किती वाटा शेतापर्यंत पोहोचला, हा खरा प्रश्न आहे. त्याचा अप्रत्यक्ष पुरावा बाजारविषयक कायद्यांत सापडतो. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा करण्यात आला. हिंदुस्थानातील बाजार समित्यांच्या इतिहासाचा आरंभ येथून मानला जातो आणि वऱ्हाडात त्याचा अभिमानाने उल्लेख होतो. तो उल्लेख यथार्थ आहे. परंतु वजने, मापे, दलाली आणि कपाती यांवर नियंत्रण आणणारा कायदा करावा लागतो, याचाच अर्थ त्या बाबतींत तक्रारी होत्या. या समित्यांवर प्रारंभी व्यापाऱ्यांचेच वर्चस्व होते. हे पाहता कायद्याचा पहिला हेतू शेतकऱ्याचे संरक्षण हा होता की व्यवहार सुरळीत चालावेत हा, याविषयी मतभेदास वाव राहतो. पीक उभे असतानाच सावकाराकडून उचल घेतलेल्या कास्तकाराला बाजारातील भावाचा लाभ मिळण्याची शक्यता मुळातच कमी होती. दराचा आकडा बाजारात नोंदला जात होता. उचलीचा आकडा सावकाराच्या वहीत राहत होता. इतिहासकाराच्या हाती पहिला सहज लागतो, दुसरा क्वचित.

दुष्काळाचे आकडे

समृद्ध प्रदेशात दुष्काळ कसा पडतो, हा प्रश्न १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी उपस्थित केला. या दोन दुष्काळांच्या मधल्या काळात, डिसेंबर १८९७ मध्ये, राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर होते आणि स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. त्या काळातील राष्ट्रीय नेत्यांची मांडणी अशी होती की दुष्काळाचे मूळ केवळ अवर्षणात नसून साऱ्याच्या बोज्यात आहे. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० मध्ये कर्झनला उद्देशून लिहिलेल्या पत्रांतून हीच भूमिका विस्ताराने मांडली, आणि कर्झन सरकारने जानेवारी १९०२ च्या ठरावाने तिला उत्तर दिले. सरकारचे म्हणणे असे की सारा हलका आहे आणि दोष पावसाचा आहे.

या वादात जनगणनेचे आकडे उपयोगी पडतात. वऱ्हाडची लोकसंख्या १८८१ मध्ये २६,७२,६७३ होती. १८९१ मध्ये ती २८,९७,४९१ झाली, म्हणजे दशकात सुमारे ८.४ टक्क्यांनी वाढली. १९०१ मध्ये मात्र ती २७,५४,०१६ इतकी भरली. दहा वर्षांत सुमारे १ लाख ४३ हजारांची, म्हणजे जवळजवळ ५ टक्क्यांची घट झाली. आधीच्या दशकाच्या गतीने वाढ झाली असती तर लोकसंख्या सुमारे ३१ लाख ४१ हजार असती. अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्येतील तफावत सुमारे ३ लाख ८७ हजार येते.

हा आकडा ‘दुष्काळबळी’ म्हणून वापरण्याचा मोह होतो, आणि सार्वजनिक भाषणांत अशा प्रकारचे आकडे तसे वापरलेही जातात. तसे करणे योग्य नाही. या तफावतीत मृत्यू आहेत, न झालेले जन्म आहेत, तसेच स्थलांतरही आहे. वऱ्हाड हा कापसाच्या कामासाठी बाहेरून मजूर खेचणारा प्रदेश होता. काम संपताच असे मजूर परत जातात. शिवाय शेजारच्या प्रदेशांतून दुष्काळात आलेले आणि येथे मरण पावलेले लोक मृत्युनोंदीत वऱ्हाडचे म्हणून मोजले जातात, पण आधीच्या जनगणनेत ते नसतात. तथापि, या सर्व दुरुस्त्या करूनही मूळ वस्तुस्थिती बदलत नाही. ज्या काळात वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजारात जात होता, त्याच काळाच्या शेवटच्या दशकात त्या प्रदेशातील माणसांची संख्या घटली.

या विरोधाभासाचे स्पष्टीकरण इतिहासकारांनी दोन प्रकारे दिले आहे. मिशेल मॅकआल्पिन यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात पश्चिम हिंदुस्थानासंबंधी अशी मांडणी केली की रेल्वे आणि बाजारामुळे शेतकऱ्याची दुष्काळ सोसण्याची शक्ती एकंदरीत वाढली. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) या ग्रंथात वऱ्हाडपुरती याच्या अगदी विरुद्ध भूमिका घेतली. कापसाचा विस्तार, गायरान व जंगलावरील हक्कांचा संकोच आणि कर्ज यांमुळे शेतकऱ्याचा आधार खचत गेला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पहिली मांडणी बाजारभाव आणि धान्याच्या वाहतुकीच्या आकड्यांवर अधिक विसंबते, दुसरी गावपातळीवरील साधनसंपत्तीवर. रेल्वेने धान्य अकोल्याच्या स्थानकावर पोहोचत असेल, पण ते विकत घेण्यास मजुराजवळ पैसा नसेल, तर दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात.

अनुशेष : सरासरीचा प्रश्न

स्वातंत्र्योत्तर काळात वऱ्हाडच्या तक्रारीला नवी परिभाषा मिळाली. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आणि २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार यांत विदर्भाला द्यावयाच्या आश्वासनांचा समावेश होता. फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारसही केली होती. १९६० मध्ये संयुक्त महाराष्ट्र झाल्यानंतर ‘विदर्भावर अन्याय’ या विधानाला आकड्यांचे रूप दिले ते वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने. या समितीच्या १९८४ च्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये होता. त्यांपैकी सुमारे १,२४७ कोटी विदर्भाचा, सुमारे ७५१ कोटी मराठवाड्याचा आणि सुमारे १,१८९ कोटी उर्वरित महाराष्ट्राचा होता.

या आकड्यांतील पहिला नेहमी उद्धृत होतो, तिसरा क्वचितच. उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष विदर्भाच्या जवळपास होता, कारण समितीने मोजणीचे एकक जिल्हा धरले होते आणि कोकण, खानदेश वा पश्चिम महाराष्ट्रातील मागे पडलेले जिल्हेही त्यात आले. अनुशेष म्हणजे राज्याच्या सरासरीपासूनचे अंतर. ते अंतर कोणी निर्माण केले, हे अनुशेषाचा आकडा सांगत नाही. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीनुसार एकूण अनुशेष १४,००६.७७ कोटी रुपये काढला आणि त्यात विदर्भाचा वाटा ६,६२४ कोटींवर, म्हणजे सुमारे ४७ टक्क्यांवर गेला. सापेक्ष स्थिती बिघडत गेली, हे या दोन अहवालांच्या तुलनेतून दिसते. आणि तक्रारीचा सर्वांत सबळ पुरावा पहिल्या आकड्यात नसून या तुलनेत आहे.

तरीही विदर्भाच्या सरासरीतही वऱ्हाड झाकले जाते. पूर्व विदर्भातील तलाव आणि धानपट्टा यांच्याबरोबर खारपाणपट्ट्यातील अकोला व अमरावतीचे तालुके एकत्र मोजले की कोरडवाहू कापसाचे वास्तव दिसेनासे होते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात भूगर्भातील पाणीच खारे असल्याने विहीर खोदणे हा तेथे उपाय ठरत नाही. सिंचनाचा शिल्लक अनुशेष पुढील काळात प्रामुख्याने अमरावती, अकोला, वाशिम आणि बुलढाणा या जिल्ह्यांत एकवटलेला राहिला, ही बाब ‘विदर्भाचा अनुशेष’ या एकत्रित शब्दप्रयोगात हरवते.

आत्महत्यांची मोजणी : पात्र आणि अपात्र

शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत पुराव्याची चिकित्सा करणे हे असंवेदनशील वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः येथेच ती सर्वाधिक आवश्यक आहे, कारण मोजणीच्या व्याख्येवर एखाद्या कुटुंबाला मिळणारी मदत अवलंबून असते.

या विषयात दोन स्वतंत्र नोंदी आहेत. पहिली राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाची. ती पोलीस ठाण्यांतील नोंदींवरून तयार होते आणि शेतीवर उपजीविका असलेल्यांची वेगळी वर्गवारी तीत १९९५ पासून आढळते. दुसरी महसूल विभागाची. अमरावती विभागीय आयुक्तालयाकडे २००१ पासूनची आकडेवारी असून तीत प्रत्येक प्रकरण ‘पात्र’, ‘अपात्र’ किंवा ‘चौकशीसाठी प्रलंबित’ असे वर्गीकृत होते. एक लाख रुपयांच्या सानुग्रह मदतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जमिनीची मालकी, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा यांचा पुरावा ठेवावा लागे. सातबारा वडिलांच्या नावे असलेला मुलगा, मक्त्याने किंवा बटईने शेती करणारा, विनापरवाना सावकाराकडून कर्ज घेतलेला आणि स्वतःच्या नावे जमीन नसलेली शेतकरी स्त्री हे सर्व या कसोटीवर अपात्र ठरण्याची शक्यता अधिक. ‘अपात्र’ म्हणजे ‘शेतीशी संबंध नसलेली आत्महत्या’ असा अर्थ वृत्तांमध्ये अनेकदा लावला जातो. प्रत्यक्षात ‘अपात्र’ म्हणजे मदतीच्या निकषांत न बसणारी. हा भेद लक्षात न घेतल्यास एकाच वर्षाविषयी शासन आणि आंदोलक दोन वेगवेगळे आकडे देतात आणि दोघेही परस्परांना खोटे ठरवितात.

‘पूर्वी वऱ्हाडात शेतकरी आत्महत्या नव्हत्या’ या विधानाला मोजणीचा आधार नाही. १९९५ पूर्वी अशी वेगळी वर्गवारीच नव्हती. परंतु यावरून ‘ही वाढ केवळ नोंदणीमुळे दिसते’ असा उलट निष्कर्षही काढता येत नाही. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोलिसांच्या नोंदी आणि शेतकऱ्यांची संख्या यांच्या आधारे दर काढला. १९९५ ते २००४ या काळात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांमधील आत्महत्येचे प्रमाण तिपटीहून अधिक वाढल्याचे त्यातून दिसले. हा आकडा मदतीच्या निकषांवर अवलंबून नसल्याने त्याचे महत्त्व अधिक आहे. त्याच सुमारास टाटा समाजविज्ञान संस्थेचा मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने झालेला अभ्यासही (२००५) शेतीतील संकटाकडेच बोट दाखवितो. वेगळ्या हेतूने व वेगळ्या मार्गाने झालेल्या मोजण्या एकाच दिशेने जातात, तेव्हा त्यांच्या निष्कर्षावर अधिक विश्वास ठेवता येतो.

कारणांविषयीच्या विधानांनाही कालक्रमाची कसोटी लावता येते. ‘बीटी कापसामुळे आत्महत्या सुरू झाल्या’ हे विधान देशभर पसरले. बीटी कापसाला भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आत्महत्यांच्या प्रमाणातील वाढ त्यापूर्वीच सुरू झालेली होती. तेव्हा बीटी हे या संकटाचे मूळ कारण असू शकत नाही. बियाण्याचा वाढलेला खर्च कोरडवाहू जमिनीत किती जोखमीचा ठरला, हा मात्र वेगळा आणि अजूनही विचारात घ्यावा असा प्रश्न आहे. याच काळात, २००२ च्या सुमारास, १९७० च्या दशकापासून चालत आलेली कापूस एकाधिकार खरेदी व्यवहारात संपुष्टात आली, हेही कारणमीमांसेत विसरता येत नाही.

आकडा कमी झाल्याच्या वृत्तालाही हीच दक्षता लागू आहे. २०१३ मध्ये देशात ११,७७२ शेतकरी आत्महत्यांची नोंद होती. २०१४ मध्ये ती ५,६५० वर आली आणि संख्या निम्म्यावर आल्याचे सांगितले गेले. वस्तुस्थिती अशी की २०१४ पासून शेतमजुरांची वेगळी वर्गवारी सुरू झाली आणि त्या वर्षी ६,७१० शेतमजूर वेगळे मोजले गेले. दोहोंची बेरीज १२,३६० होते. येथे कमी झाली ती एका रकान्यातील संख्या.

धोरणावर या मोजणीचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यांतील २,१७७ कोटी सिंचनासाठी होते आणि ७१२ कोटी थकीत व्याजाच्या माफीसाठी. व्याजमाफी संस्थात्मक कर्जाची होती. सावकाराच्या वहीतील कर्ज तिच्या कक्षेबाहेर राहिले. २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत संपूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर ठरली. कोरडवाहू सात-आठ एकरांचा अकोल्याचा कास्तकार त्या मर्यादेबाहेर गेला, तर बागायती चार एकरांचा शेतकरी आत आला. एकर हे एकक समान असले तरी पाणी असलेला एकर आणि पाणी नसलेला एकर समान नसतात. याशिवाय, पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत वर्धा येते, अमरावती विभागात ते येत नाही. ‘पश्चिम विदर्भ’, ‘सहा जिल्हे’ आणि ‘अमरावती विभाग’ हे शब्द वृत्तांत परस्परांच्या जागी वापरले जातात, तेव्हा आकड्यांची तुलना निरर्थक होते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ हे विधान महसूल आणि व्यापाराच्या साधनांवर उभे आहे आणि त्या मर्यादेत ते साधार आहे. कास्तकार व मजुरांच्या राहणीमानाविषयी मात्र या साधनांवरून अनुमान काढता येत नाही. जनगणना व दुष्काळाची साधने तर त्याच्या विरुद्ध साक्ष देतात. ‘आधी सुवर्णयुग, नंतर लूट, मग दैन्य’ ही रूढ त्रिपदी त्यामुळे टिकत नाही. एकोणिसाव्या शतकातील संपत्ती आणि विपत्ती ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती.

दुसरा, लोकप्रिय विधानातील अचूक नसलेला शब्द काढून टाकला तरी त्यामागील तक्रार आपोआप खोटी ठरत नाही. वऱ्हाड विकले गेले नाही, पण त्याचा हिशेब दिला गेला नाही. अनुशेषाचा आकडा अन्याय सिद्ध करीत नाही, पण दोन अहवालांतील वाढते अंतर सिद्ध करतो. चिकित्सेचे काम तक्रार मोडीत काढण्याचे नसून तिला टिकाऊ पायावर उभे करण्याचे आहे.

तिसरा, ‘आईन’मधील जमेपासून सानुग्रह मदतीच्या निकषांपर्यंत ज्याच्या नावावर काही नाही तो मोजला जात नाही, असे सातत्याने दिसते. कुळ, मक्तेदार, मजूर आणि शेतकरी स्त्री यांची अनुपस्थिती ही साधनांतील केवळ त्रुटी नाही. तिचे परिणाम मदत, कर्जमाफी आणि सिंचन यांच्या वाटपात उतरतात.

अमरावती व अकोल्यातील महाविद्यालयांना या दृष्टीने मोठे कार्यक्षेत्र उपलब्ध आहे. बाजार समित्यांची जुनी दप्तरे, सहकारी सोसायट्यांच्या कर्जनोंदी, गावोगावची पेरेपत्रके आणि खाजगी घराण्यांतील सावकारी वह्या यांचा पद्धतशीर अभ्यास झाल्यास उचलीचा, मक्त्याचा आणि मजुरीचा आकडा हाती येऊ शकेल. महसुलाच्या आणि गाठींच्या आकड्यांनी आजवर सांगितलेला वऱ्हाडचा इतिहास त्यामुळे पूर्ण होण्यास साहाय्य होईल. शेतीच्या प्रश्नावर निर्णय घेणाऱ्यांसमोरही कोरडवाहू कास्तकाराचे अधिक खरे चित्र ठेवता येईल.